रेशमाचं लेबल

रविवार, सकाळचे सात. सोसायटीच्या गेटवर हजर: सेक्रेटरी या नात्याने मी, दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुख वहिनी आणि दूधवाले नारायणबापू. गैरहजर: दूध.

बापूंचा गोठा खुलताबाद रस्त्याला. म्हैस एकच, रेशमा. पण लेबलाशिवाय बाटली कधी आली नाही. स्वतः लिहून, खळ लावून चिकटवलेलं: ‘रेशमाचं दूध. इंजेक्शन नाय. काल वरातीच्या बँडला भ्याली, साय कमी येईल. रागावू नये.’ कुणी तशीच बाटली उचलली की बापू ती परत मागत. “आधी वाचा. मग तापवा.”

त्यांची ही रोजची लिखापढी मला पाहवेना. मी छापील लेबलाचा मसुदा केला: ‘इंजेक्शनविना दूध’. बापूंनी नाक मुरडलं.

“नुसतं नाय-नाय काय छापता, ताई? इंजेक्शन नाय, मग पान्हा कशानं सुटतो, त्ये लिवा की!”

“कशानं सुटतो?”

“सांगंन कधी तरी,” म्हणत त्यांनी गाडीला किक मारली होती.

आज वहिनींनी विचारलं, “बापू, दूध कुठंय?” तेव्हा ते बोलले.

“रेशमाला आमच्या मंडळीच्या हाताची सवय. मंडळी गेली, अन् ही पारडू सोडलं तरी पान्हा चोरायला लागली. लाथा तर लई खाल्ल्या. मग मंडळीचंच लुगडं नेसून बसाया लागलो धारंला.”

वहिनींना हसू आवरेना. बापूही हसले. “हसा! मिशीवाली बाई बघून आमचं कुत्रंबी भुंकायचं.”

“मग आज काय झालं?”

“सुनंनं धुतलं लुगडं. चांगल्या मनानंच. साबण लावला, वरून वासाचं औषध. रेशमानं हुंगलं अन् तोंड फिरवलं. शेजारचा म्हणला, एक सुई टोच, बादली भरंल.”

“टोचली?”

“नाय.” बापू गाडीच्या आरशाकडे बघत राहिले. “मीबी हुंगून पाह्यलं, ताई. नुसता साबणच.”

वहिनींचं हसू केव्हाच थांबलं होतं. बापूंनी खिशातून आजचं लेबल काढून माझ्या हातात दिलं: ‘दूध नाय. इंजेक्शनबी नाय. रागावू नये.’

छापखान्यात उद्या जायचं आहे. मसुद्यात मी एक ओळ वाढवली आहे, ‘पान्हा कशानं’. तिच्यापुढची जागा भरायची राहिली आहे.