पीएओ-एस्टर संग्रामात निळी गाडी राखली ती हकीकत

तमाम सूज्ञ वाचकांस आणि ज्यांच्या दारी जुनी गाडी उभी आहे अशा सर्व गृहस्थांस विदित व्हावे की, निळ्या गाडीच्या तेलावरून या घरी जो थोर संग्राम जाहला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. लिहिणार घरचा धनी. यापूर्वी घरचा सर्व मजकूर बाईसाहेब तोंडीच सांगत, आणि त्या सांगत असता लिहिण्याची गरज कोणास पडली नाही. त्या गेल्या, म्हणून हे लिहिणे प्राप्त जाहले.

निळी गाडी ही बाईसाहेबांची खास स्वारी. धनी शेजारच्या आसनावर बसत आणि रस्ता मोकळा असला तरी "हळू" म्हणत, एवढीच त्यांची चाकरी. बाईसाहेबांची शिस्त ऐसी की, दर रविवारी बॉनेट उघडावे, तेल मोजण्याची कांडी ओढावी, फडक्याने पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी, आणि मगच चहास हात लावावा. त्या गेल्यावर चहा होत राहिला, कांडी कोणी ओढली नाही. मग तेल उतरले, आणि गाडी सुरू करताच पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावे तैसा खडखडाट होऊ लागला.

हे वर्तमान परगावी नर्सची नोकरी करणाऱ्या कन्येस कळले. ती रजा घेऊन दाखल जाहली आणि तिने फर्मान काढले की, रविवारी सकाळी गाडी बिनखडखड चालली तर राहील, नाहीतर भंगारवाल्याच्या हवाली होईल, यात तडजोड नाही.

"बाबा, तुम्हाला चालवता येत नाही. ठेवून करणार काय?"

"बसेन आत."

"सोफ्यावर बसा की."

"सोफ्यावर रोजच बसतो."

तरी कन्येने फर्मान मागे घेतले नाही. ती आईवर गेलेली. मग धन्याने मदतीस दोघे मेव्हणे बोलाविले. थोरले निवृत्त हेडमास्तर, धाकटे रंगाच्या कारखान्यात कामास. दोघांचाही आपल्या बहिणीवर फार जीव, आणि एकमेकांचे एक वाक्य पटत नाही. गल्लीच्या तोंडचे मिस्त्रीही मसलतीस हजर जाहले.

आता तेलांचा वंशवृक्ष सांगतो, म्हणजे लढाई कळेल. इंजिन तेलाच्या डब्यात बहुतेक सारे मूळ तेल असते आणि वर थोडी औषधे. या मूळ तेलांची कुळे पाच. पहिले आणि दुसरे जमिनीतल्या कच्च्या तेलापासून गाळून काढलेले, साधे, कष्टाळू. तिसरेही त्याच रक्ताचे, परंतु हायड्रोजनच्या दाबाखाली त्यास ऐसे घासूनपुसून काढतात की पुष्कळ मुलखांत त्यास 'सिंथेटिक' हा किताब मिळाला, आणि तेव्हापासून ते पहिल्या दोघांस ओळख देत नाही. चौथे पीएओ. ते कारखान्यात रेणूस रेणू जोडून घडवतात, आणि कडाक्याच्या थंडीतही ते वाहते. पाचव्या कुळात उरलेले सगळे, आणि त्यांत मानकरी एस्टर, जो धातूस धरून राहतो. असो.

मसलतीत थोरल्यांनी जाहीर केले की, चौथ्या कुळाखेरीज दुसरे काही ओतल्यास आपण या अंगणात पाय ठेवणार नाही.

"दादा, नुसत्या पीएओनं इंजिनाच्या सांध्यांतली जुनी रबरं आकसतात," धाकटे म्हणाले. "आधीच ठिबकतंय. मग नळच सुटेल."

"आणि तुझ्या एस्टरनं फुगतात. इंजिन आहे ते, फुगा नाही."

"ताई असती तर माझंच ऐकलं असतं."

"ताई असती तर तुला चहा देऊन घरी पाठवलं असतं."

मिस्त्रींनी अर्ज केला की, तिसऱ्या कुळाचे घालावे. "डब्यावर सिंथेटिकच लिहिलंय, साहेब. गाडीला कुठं वाचता येतं?" यावर दोन्ही मेव्हणे प्रथमच एक होऊन मिस्त्रींवर तुटून पडले, आणि मिस्त्री शिकस्त खाऊन दुकानी परतले. मसलत मोडली.

मग जे घडू नये ते घडले. जुने तेल काढणे हे मिस्त्रीचे काम, परंतु ओतणे कोणासही येते. शनिवारी धनी भाजीस गेले असता थोरले आपला डबा घेऊन गुपचूप आले, बॉनेट उघडून डबा रिता केला आणि कूच केले. दुपारी घर झोपले असता धाकट्यांनी तोच पराक्रम केला. संध्याकाळी धन्याने जिन्याखालचे कपाट उघडले. तेथे बाईसाहेबांच्या हातचा अर्धा डबा होता, दुसऱ्या कुळाचे साधे तेल. त्यांनी आणलेले तेवढे तरी कामी यावे म्हणून धन्याने तेही ओतले. तिघांनीही कांडी ओढली नाही, कारण या घरात कांडी ओढणारे माणूस एकच होते.

रविवारी दोन्ही मेव्हण्यांसमक्ष कन्येने किल्ली फिरविली. इंजिन गुदमरले, मग मागून निळ्या धुराचे ऐसे लोट निघाले की समोरच्या घरांनी खिडक्या लावून घेतल्या. कन्या खोकत उतरली आणि भंगारवाल्यास फोन लावू लागली. तेव्हा मिस्त्री धावत आले, कांडी ओढली आणि वरच्या खुणेच्या कितीतरी वर भिजलेली पाहून विचारते जाहले, "कोणी ओतलं?"

"मी," थोरले म्हणाले.

"मी," धाकटे म्हणाले.

"तुम्हीपण?" कन्येने बापाकडे पाहिले. धन्याने मान हलविली.

मिस्त्रींनी गाडीखाली घमेले सरकवून तेलाचे तळचे बूच काढले. धार काळी आणि लांब. पीएओ कोणते, एस्टर कोणते आणि बाईसाहेबांचे कोणते, काही ओळखू येईना. धनी शेवटचा थेंब पडेतो उकिडवे बसून राहिले आणि त्यांस उठा म्हणण्याचे धाडस कोणास जाहले नाही.

मग पुरावा म्हणून मेव्हण्यांनी आपापले रिते डबे आणून भिंतीशी मांडले. पाहतात तो दोन्ही डबे एकच. तेच नाव, तीच कंपनी, तेच दुकान. दुकानदाराने थोरल्यांस सांगितले होते की यात पीएओ आहे, धाकट्यांस सांगितले होते की यात एस्टर आहे, आणि खोटे कोणाशीच बोलला नव्हता. एक रबर आकसवतो, दुसरा फुगवतो, म्हणून शहाणे लोक दोघांस एकाच डब्यात नांदवितात.

"हे तुला ठाऊक नव्हतं?" थोरल्यांनी विचारले.

"तुम्हाला होतं?"

दोघेही त्याच दुकानी चालत गेले, आणि वाटेत भांडले नाहीत ऐसे म्हणतात. तिसरा डबा आला, त्यातले तेल मापाने भरले, आणि कांडी कन्येने स्वतः पुसून पाहिली. किल्ली फिरली. क्षणभर खडखड, मग शांतता. कन्या गल्लीस वळसा घालून आली तो मागे धूर नाही. तिने फोन खिशात टाकला.

"बाबा, इकडे बसा. नुसतं आत बसून राहणार असाल तर निदान शिका."

धनी चालकाच्या आसनावर बसले. आसन बाईसाहेबांच्या उंचीस लावलेले, त्यामुळे त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकास टेकले. कन्या खालचा दांडा ओढून आसन मागे घेण्यास वाकली.

"राहू दे."

"क्लच कसा दाबणार?"

"दाबेन."

ती दांडा सोडून शेजारी येऊन बसली.

येणेप्रमाणे निळी गाडी राखली. चौथ्या आणि पाचव्या कुळात तह जाहला, आसन होते तेथेच कायम केले. या मोहिमेत जखमी म्हणाल तर धन्याचे दोन गुडघे. गाडी हात दोन हात पुढे गेली आणि बंद पडली, परंतु खडखडाट नाही. कन्येने पुन्हा किल्ली फिरविण्याचा हुकूम केला. फत्ते जाहली, हे दाखल असावे.