सरकत्या चित्रांत आफोते काका

वेबसाइट सजवायला आता अक्कल लागत नाही, एक बोट पुरतं, असं मी आफोते काकांना ठणकावून सांगितलं होतं. कोडची एक ओळही न लिहिता मी बाबांच्या दुकानाच्या साइटवर सरकती चित्रं बसवली. मोबाइलमधलं एक फोल्डर जोडायचं. त्यात फोटो पडला की आपोआप साइटवर, खाली ठरलेल्या मजकुरासकट.

बाबा तेशी गावातले शवपेटीवाले. कोळ्याला माशाच्या आकाराची पेटी, बागायतदाराला कोकोच्या शेंगेच्या. जन्मभर लोकांना मनासारखं पोचवलं. स्वतःसाठी त्यांना हवा होता सुताराचा साधा रंधा. ते गेले, आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आफोते काका, म्हणाले, "मोटार करा. काळी, लांबलचक."

"बाबांना सायकलसुद्धा येत नव्हती."

"देदेई, घरातला मोठा मी आहे. रंध्यात कोणी माणूस पुरतं का? लोक हसतील."

"कांद्यात पुरलाय आपण. कोंबडीतही."

बाबांचे दुकानातले जोडीदार ओकपोटी मान खाली घालून लाकूड घासत राहिले.

त्याच दिवशी काकांनी अंत्यविधीच्या पोस्टरसाठी स्वतःचा फोटो पाठवला. आमच्याकडे पोस्टरवर गेलेल्या माणसाइतकेच मागे राहिलेलेही ठळक असतात. सोनेरी खुर्ची, खांद्यावर भारी विणीचं केंटे वस्त्र, मांडीवर विसावलेलं पोट. मी तो फोटो नीट जपून ठेवला. दुकानाच्या फोल्डरमध्ये.

सकाळी टेमाहून एका बाईंचा फोन. "ती खुर्चीतल्या जाड्या माणसाची पेटी आवडली. झाकण पोटावरून उघडतं का हो?"

"कुठली पेटी?"

"थांबा, आत्ता परत येईल. आमच्या ह्यांचं पोट याहून मोठं होतं. मावतील ना?"

मी साइट उघडली. मासा गेला, कोको गेला, काका आले. खाली लिहिलेलं: 'नवीन नमुना. मापाप्रमाणे बनवून मिळेल.'

दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराचा निरोप आला: "लाकडात जीव ओतलात. चेहऱ्यावर थोडं हसू हवं होतं."

संध्याकाळी काका स्वतः आले. चर्चमध्ये दोघांनी त्यांना त्यांचाच भाव विचारला होता.

"काढ मला तिथून. आत्ताच्या आत्ता."

मी हातातला मक्याच्या केंकीचा घास खाली ठेवला. "बाबांचा रंधा होऊ दे. मग काढते."

"मोठ्या माणसाला धमकी देतेस?"

"मी कशाला देऊ? बघा, पुन्हा आलात."

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. स्वतःला येताना पाहिलं, जाताना पाहिलं.

"रंधा," ते म्हणाले. "पण मोठा कर. लांबून दिसला पाहिजे."

ओकपोटींनी रंध्याची मूठ बाबांच्या पंजाच्या अंदाजानं घडवली. शनिवारी बाबा त्यातून गेले, नाचणाऱ्या खांद्यांवरून, समुद्राच्या बाजूनं. कोणी हसलं नाही. हसले असते तरी मला चाललं असतं.

काकांना दिलेला शब्द तेवढा अडकलाय. फोल्डरमधून फोटो मी तेव्हाच काढला. साइटवरून तो जात नाही. सगळी बोटं लावून पाहिली.