स्वयंपाकघरातली धडक

"नाही" म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? पण चित्रकाराची जीभ जन्माची भित्री. मोठ्या मॅडमनी विचारलं, "रस्ता ओलांडायचा खेळ महिन्याभरात होईल ना?" आणि तो म्हणाला, "होऊन जाईल." (घाबरला की हा माणूस हो म्हणतो. लग्नाच्या वेळीही असाच हो म्हणाला होता.)

घाबरायला कारणही होतं. त्याची कंपनी शाळांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे बनवायची, आणि गेल्याच महिन्यात मॅडमनी तिघांना गोड बोलून कायमचं घरी पाठवलं होतं. तीन टेबलं रिकामी पडली होती. चौथं टेबल ह्याचं.

खेळ तसा साधा. लाल फ्रॉकातली मुलगी फुटपाथवर उभी. समोरून ट्रक, बस, मोटारी सुसाट चाललेल्या. बटणं दाबून मुलीला पलीकडे न्यायचं. गाडी लागली की शिट्टी, आणि मुलगी परत फुटपाथवर. पोरांना अक्कल यावी म्हणून.

चित्रकारानं मुलगी काढली, ट्रक काढले, कोणी मागितली नव्हती तरी झाडंही काढली आणि कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरात सगळं बसवलं. ते सॉफ्टवेअर दिसायला राजबिंडं. चित्रं हलवी, गाणी वाजवी, बटण दाबलं की पान उलटवी. खेळाला लागतं ते मात्र एक नाही. गुण मोजता येईनात, वेळ लावता येईना, आणि एक चित्र दुसऱ्याला धडकलं हे तर त्या मेल्याला कळेच ना! ट्रक भरधाव आला, मुलीच्या पोटातून आरपार गेला, आणि मुलगी हसत पुढे चालू लागली.

चित्रकाराला दरदरून घाम फुटला. हा खेळ शिकून पोरं खऱ्या रस्त्यावर उतरली तर? घास तोंडाशी नेला की त्याला ट्रक दिसे.

त्यानं सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र धाडलं. उत्तर आलं, 'आपली सूचना नोंदवून घेतली आहे. पुढील आवृत्तीत विचार करू.'

"म्हणजे करतील ना गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"विचार करू म्हणणारा कधी करत नसतो," बायको म्हणाली. "मोरीच्या नळाचा तुम्ही दोन वर्षं विचार करताय."

इकडे मॅडमनी तगादा लावला. दाखवा, दाखवा. भीतीपोटी हा बोलून गेला, "मॅडम, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नीट चालत नाही, फक्त माझ्या घरच्यावर चालतो."

"मग रविवारी सकाळी दहाला घरी येते," मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन तो जो पलंगावर बसला, तो चपलांसकट. बायकोनं आधी चपला काढायला लावल्या, मग सगळं ऐकलं.

"ट्रक लागला हे त्या डब्याला दिसत नाही. मला तर दिसतं ना? शिट्टीला बटण आहे का?"

बटण होतं. एक बटण दाबलं की शिट्टी वाजवायची आणि मुलगी फुटपाथवर न्यायची, एवढं तो डबा करी. शेजारच्या टायपिस्टाकडून जुना कीबोर्ड आणला. त्याची लांब वायर सतरंजीखालून स्वयंपाकघरात नेली. पडद्याआड स्टुलावर बायको, फटीतून नजर स्क्रीनवर, मांडीत कीबोर्ड.

"अगं, पण पकडलो गेलो तर? नोकरी जाईल!"

"तुम्ही फक्त चेहरा सरळ ठेवा. तेवढंच काम तुमच्याकडे आहे."

रविवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. मॅडम पडद्याकडे पाठ करून बसल्या आणि मुलीला थेट ट्रकखाली घातलं. शिट्टी! मुलगी फुटपाथवर.

"छान!" मॅडम म्हणाल्या. चित्रकारानं सकाळपासूनचा पहिला श्वास घेतला.

पुढच्या खेपेला मॅडमनी इकडेतिकडे न बघता मुलीला रस्त्यावर उतरवलं. ट्रक अजून कोपऱ्यातही नव्हता, तरी शिट्टी.

"हे का?"

"तुम्ही... आधी दोन्हीकडे बघितलं नाहीत, मॅडम."

"खेळाला तेही कळतं?"

"कळतं," चित्रकार म्हणाला. बोबडी वळायचीच बाकी होती.

आणि आत दूध उतू गेलं. त्याला वास आला, पावलांची धावपळ ऐकू आली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बस मुलीच्या आरपार गेली. मागून ट्रक आरपार गेला. मुलगी हसत होती.

मॅडमचा हात थांबला. "ही मेली कशी नाही?"

"चपळ आहे, मॅडम."

तेवढ्यात बायको परतली. बस मुलीच्या अंगावरून जातेय हे बघून तिनं बटण पाच वेळा हाणलं, आणि पडद्याआडून आवाज कडाडला, "डोळे फुटले का गं? पुन्हा न बघता पाय टाकलास तर तंगडं मोडीन!"

"ह्यात आवाजही घातलात?" मॅडम उठल्या, कॉम्प्युटरच्या मागे बघायला वळल्या आणि सतरंजीखालच्या वायरीत पाय अडकून धाडकन टेबलावर आदळल्या.

शिट्टी वाजली. (बायकोचा हात सवयीनं गेला.)

मॅडमनी वायर हातात धरली आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. चित्रकाराची पाचावर धारण बसली. गेलं चौथं टेबल!

"तुम्ही कोण?"

"मी धडक," बायको म्हणाली. "सॉफ्टवेअरात नाही ना, म्हणून मी बसलेय."

"हा फसवाफसवीचा..."

"फसवाफसवी? धडक कळत नाही असलं सॉफ्टवेअर आणलं कोणी? हे तर महिनाभर ट्रक ट्रक म्हणून दचकताहेत."

सॉफ्टवेअर जाहिरात बघून मॅडमनीच आणलं होतं, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मॅडमनी दुखरा गुडघा चोळला.

"वरच्या साहेबांना हे कळता कामा नये," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं सॉफ्टवेअर आणू. चित्रं ह्यांचीच राहतील. आणि हा ओरडा जसाच्या तसा घ्यायचा. मी स्वतः दचकले."

नोकरी वाचली. आनंदाच्या भरात चित्रकार मॅडमना रिक्षा बघून द्यायला खाली धावला आणि इकडेतिकडे न बघता रस्त्यावर उतरला.

"अहो! तंगडं मोडीन!" वरच्या खिडकीतून आवाज आला.

चित्रकार जागच्या जागी वळला आणि मुकाट्यानं परत फुटपाथवर जाऊन उभा राहिला. ही सोय त्याच्यात लग्नाच्या दिवसापासूनच होती.