लॉर्नाच्या खुर्चीतला नट

ऑर्विल हाउगेनने घरातली खुर्ची नाटकासाठी नेली ती फक्त बारा दिवसांसाठी. त्याची बायको लॉर्ना बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून फार्गोला गेली होती आणि येणार होती सोमवारी. नाटकाचा शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी. संध्याकाळी खुर्ची परत जागेवर! सगळं इतकं चोख जमलं की ऑर्विलला स्वतःचंच कौतुक वाटलं. (त्याला स्वतःचं कौतुक वाटलं की घरात काहीतरी फुटतं, पण हे त्याच्या कधी लक्षात राहत नाही.)

डलूथच्या जमीन-नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं शिक्के मारून तो निवृत्त झाला आणि सरळ कॉलेजात नाटक शिकायला जाऊन बसला. वर्गात बाकी सगळे एकोणीस-वीसचे. 'मी लाट आहे' असं मनाशी म्हणत जमिनीवर लोळायचा तास झाला की ती पोरं त्याला हात देऊन उठवत. त्याला तो तास फार आवडे. गावालगतच्या सरोवरावरचं धुकं चढत चढत खिडक्यांशी येई, ऑर्विल डोळे मिटून पडून राही, आणि त्या पांढऱ्या धुक्यात त्याला भरलेलं सभागृह दिसे. दुसऱ्या रांगेत लॉर्ना, रुमालाने डोळे टिपत असलेली. प्रत्यक्षात अडतीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यापायी रडली होती ती एकदाच, तो कांदा चिरत असताना.

नाटकात त्याचं काम आजोबांचं. अख्खा दुसरा अंक खुर्चीत बसायचं आणि दारावर थाप पडली की घाबरून म्हणायचं, "दार उघडू नकोस." बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा वाक्यावर बरंच काही अवलंबून होतं. वसंतातल्या नाटकात बायकोच्या शवपेटीशी बोलत बसणाऱ्या विधुराचं मोठं काम होतं, आणि ते ऑर्विलला द्यायचं की नाही हे स्टोल्झबाई या वाक्यावरून ठरवणार होत्या. बाई त्याला शिकवायच्या. "तुम्ही बोलता छान," त्या दर तालमीला म्हणत, "पण समोरच्याचं ऐकत नाही." हे आपल्याला आणखीही कोणीतरी सांगत असतं असं ऑर्विलला अंधुक आठवे. कोण, ते त्याने नीट ऐकलेलं नव्हतं.

तर खुर्ची. आजोबांसाठी जुनी, बसून बसून खोलगट झालेली खुर्ची हवी होती, आणि कॉलेजच्या नाटकाचं सामान कोणाच्या तरी घरातूनच येतं. ऑर्विल बोलून गेला, आमच्याकडे आहे. होती, पण ती लॉर्नाच्या आईची हिरवी खुर्ची. तिच्यात लॉर्नाशिवाय घरातलं मांजरसुद्धा बसत नसे. रंगमंचावर सामानाच्या पायांशी पिवळ्या पट्ट्या चिकटवतात, म्हणजे दर प्रयोगाला ते नेमकं त्याच जागी ठेवता येतं. ऑर्विलने घरच्या गालिच्यावरही तशा चार पट्ट्या चिकटवल्या आणि तो निर्धास्त झाला.

शनिवारी बहीण लॉर्नाला म्हणाली, माझा गुडघा मी बघते, तू नवऱ्याचं नाटक बघ. लॉर्ना रविवारी सकाळी निघाली ती घरी न जाता बॅगेसकट थेट कॉलेजात आली आणि दुसऱ्या रांगेत बसली. ऑर्विलला याचा पत्ता नव्हता. तो पहाटेपासून ते एक वाक्य घोकून दमला होता. त्यात दिवे उबदार, खुर्ची मऊ आणि तिला लॉर्नाच्या लोकरीचा वास. हळूहळू सभागृहात धुकं भरलं. खुर्ची होडीसारखी सरोवरावर तरंगू लागली. किनाऱ्यावर माणसंच माणसं उभी होती आणि सगळी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. थप, थप, थप.

टाळ्या नव्हत्या त्या, दार वाजत होतं. एकदा वाजलं, दुसऱ्यांदा वाजलं. मग घोरणं ऐकू येऊ लागलं. नातीचं काम करणारी ब्रिन आजोबांकडे बघत खांबासारखी उभी राहिली आणि पडद्यामागे स्टोल्झबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ऑर्विल, दार," दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

"तूच बघ ना," ऑर्विल डोळे न उघडता म्हणाला. "मी आत्ता तर बसलोय."

सभागृह हसून लोटपोट झालं. लॉर्ना उठली. दार वाजत राहिलेलं तिला जन्मात सहन झालेलं नाही. तिने चार पावलांत रंगमंच गाठला, दार उघडलं, पलीकडे पोस्टमन होऊन भांबावून उभ्या असलेल्या पोराच्या हातून पत्र घेतलं आणि वळली. तेव्हा कुठे तिला खुर्ची नीट दिसली.

"ही माझ्या आईची खुर्ची आहे."

ऑर्विलचे डोळे खाडकन उघडले. डोक्यात एकच वाक्य होतं, तेच बाहेर पडलं, आणि पहिल्यांदाच खऱ्या भीतीने. "दार उघडू नकोस."

"उघडलं," लॉर्ना म्हणाली. "आता ऊठ."

तो उठला. ती बसली, चष्मा लावला आणि पत्र मोठ्याने वाचू लागली. (ब्रिनला ते पाठ होत नसे म्हणून त्यात सगळा मजकूर लिहिलेला होता.) आजोबांचा मुलगा आता परत येणार नाही, असं ते पत्र. लॉर्नाने ते बहिणीचं पत्र वाचावं तसं वाचलं, मध्ये थांबत, एक ओळ पुन्हा बघत. हसणारी माणसं एकेक करून गप्प झाली. ऑर्विल खुर्चीमागे उभा राहून ऐकत होता, आणि त्याला खरंच रडू आलं. तिकडे मात्र कोणी बघत नव्हतं.

वसंतातल्या नाटकातल्या विधुराची विधवा झाली आणि ते काम लॉर्नाला मिळालं. ऑर्विलने निदान शवपेटीतल्या प्रेताचं काम तरी मागून पाहिलं. बाईंनी लॉर्नाला विचारलं. तो घोरतो, लॉर्ना म्हणाली. शेवटी भुश्शाचा बाहुला केला, त्याला ऑर्विलचा लग्नकार्यातला कोट चढवला, आणि दर प्रयोगाआधी तो बाहुला पिवळ्या पट्ट्यांच्या मध्ये नीट निजवायचं काम ऑर्विलकडे आलं.

पहिल्या प्रयोगाला लॉर्ना बाहुल्याशी बोलता बोलता अशी रडली की अख्ख्या सभागृहाने रुमाल काढले. घरी जाताना ऑर्विलने गाडीत जरा घुश्शातच विचारलं, भुश्शाच्या बाहुल्यापुढे इतकं रडू येतं तरी कसं?

"येणार नाही तर काय," लॉर्ना म्हणाली. "अडतीस वर्षांत त्या कोटातल्या माणसाने पहिल्यांदाच माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं."