कारल्याच्या माशीचं मूळ गाव

सप्टेंबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: आमच्या भूगावच्या सोसायटीची गच्ची. हजर: अध्यक्ष पाटणकर, सेक्रेटरी म्हणून मी, तक्रारदार म्हणून भिंतीपलीकडचे शेतकरी बबनअण्णा शेडगे, आणि कुलथे सर, गळ्यात भिंग, हातात मेलेली फळमाशी.

माशीचं नाव हजेरीत घालायचं का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "घाला. आज तिचीच चौकशी आहे."

कुलथे सर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. शेतकी कॉलेजात त्यांनी जन्मभर किडे शिकवले. लिफ्टमध्ये नवा माणूस दिसला की नमस्काराच्या आधी ते त्याला कानापासून खांद्यापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "मूळ गाव?" तो तोंड उघडतो तोच हात वर करतात. "थांबा. मी सांगतो." मग सांगतात, आणि चुकतात. माणच्या कंपनीत नोकरीला जाणाऱ्या सांगलीच्या मुलाला त्यांनी जळगावचा ठरवला. मी सोलापूरची. मला म्हणाले, "नाशिक." मी दुरुस्ती केली, तर म्हणाले, "ठेवण नाशिकची आहे. घरी एकदा नीट विचारा."

ठेवण हा त्यांचा लाडका शब्द. "आकारमानावर जाऊ नका. खाऊन कुणीही फुगतं. ठेवण खोटं बोलत नाही." माणसांच्या बाबतीत ती रोज खोटं बोलते. माश्यांच्या बाबतीत मात्र सर चुकत नाहीत. माशीचा पंख काचेवर चिकटवायचा, शिरा जिथे एकमेकींना मिळतात तिथे संगणकावर ठिपके द्यायचे आणि ती ठिपक्यांची रांगोळी गावोगावच्या माश्यांशी ताडून पाहायची. जात एकच, पण कोकणातलीचा पंख आणि देशावरचीचा पंख यांत केसभर फरक असतो. त्या केसावर सरांनी संसार केला.

बबनअण्णांना या कशाचं सोयरसुतक नव्हतं. "तुमच्या गच्चीवरच्या येलांची माशी हाय ही. माजा सगळा मांडव नासला. कारलं कापलं की आत अळ्या वळवळत्यात. येल उपटा, न्हाई तर उद्यापासनं तुमचा पान्याचा टँकर माज्या रानातनं जायचा न्हाई!"

टँकरचं नाव निघताच पाटणकर विळा आणायला उठले. गच्चीवर सात घरांचे कारल्याचे वेल होते, त्यांतला एक माझा. सरांनी पाटणकरांचा सदरा धरला. "आरोपीचं मूळ गाव कळल्याशिवाय फाशी नाही. पंधरा दिवस द्या."

पंधरा दिवस सर गच्चीवर आणि बबनअण्णांच्या मांडवावर बाटल्या टांगून माश्या पकडत होते. तिसऱ्या दिवसापासून अण्णाच भिंतीवरून हाक मारू लागले, "सर, आज कुटली घावली?"

"देशावरची."

"म्हंजी घरचीच. पाव्हणी घावली की सांगा."

दुसऱ्या बैठकीला तीच मंडळी हजर. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि उभ्यानंच म्हणाले, "आरोपी सापडला."

"कोण?" पाटणकर.

"मी."

मग उलगडा झाला. सरांची मोठी बहीण अक्का कोकणात म्हसळ्याकडे राहते. दर पंधरा दिवसांनी शनिवारी ती ताम्हिणीमार्गे येणाऱ्या एसटीतून सरांना पिशवीभर कारली पाठवते. आधीची रिकामी पिशवी त्याच गाडीनं परत जाते. सर कारलं खात नाहीत. चांगली आम्हाला वाटतात आणि किडकी भिंतीजवळच्या खताच्या खड्ड्यात टाकतात. "मांडवावरच्या बऱ्याच माश्यांची ठेवण अक्काच्या परसातली आहे," सर म्हणाले. "ताम्हिणीचा घाट चढवून मीच त्यांना इथं आणलं. वेलांचा दोष नाही."

अण्णा म्हणाले, "आयला सर, तुमची भन लई लांबनं माज्या वाइटावर हाय की!" सगळे हसले, तेही हसले. "फकस्त तिकडची कारली बंद करा. लागत्याल तेवडी मी देतो."

वेल वाचले, टँकर वाचला. मी ठराव लिहिला: अक्कांना कारली न पाठवण्याविषयी कळवणे. जबाबदारी: कुलथे सर. मुदत: आठ दिवस.

आठ दिवसांनी विचारलं, तर रेंज नव्हती. मग अक्का देवळात गेली होती. मग अमावास्या निघाली. शनिवारी पिशवी आलीच. अळ्या मराव्यात म्हणून सरांनी किडकी कारली कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या दिल्या आणि मग खड्ड्यात टाकली. जिन्यात दिवसभर तो कडू वास होता.

माझ्या यादीत काम असं लोंबकळत राहिलेलं मला चालत नाही. मी नंबर मिळवला आणि स्वतःच फोन लावला. "अक्का, मी सोसायटीची सेक्रेटरी."

"दिगू बरा आहे ना?" आवाज एकदम बारीक झाला.

"अगदी बरे आहेत. कारल्यांबद्दल बोलायचं होतं."

"खात नाही ना? ठाऊक आहे मला. लहानपणी ताटाखाली लपवायचा."

"मग पाठवता कशाला?"

"पिशवी परत येते ना! फोनवर तो नेहमीच बरा असतो. पण पिशवी धुऊन, चौघडी घालून, धरायचे बंद आत खोचून आली, म्हणजे त्याच्या हातची. आमच्या आईची घडी ती. मागे पावसाळ्यात एकदा नुसती गुंडाळून आली. मी तेव्हाच म्हटलं, हा आजारी पडलाय."

जुलैत सरांना डेंग्यू झाला होता. अक्काला कळवायचं नाही, अशी त्यांनी आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. ती पिशवी एसटीवर मी दिली होती. गुंडाळी माझी होती.

"कारली छान असतात," मी म्हटलं आणि फोन ठेवला. कारल्यांऐवजी आमसुलं पाठवा, हे मला ठेवल्यावर सुचलं.

रात्री वही काढून जबाबदारीच्या रकान्यातलं सरांचं नाव खोडलं, माझं लिहिलं. मुदतीचा रकाना रिकामा ठेवला. काल शनिवार होता. तिसऱ्या मजल्यावरून तीन शिट्ट्या ऐकू आल्या. काम अजून बाकी आहे.