रोज हरणारे मगदूम सर

आमच्या शाळेतले मगदूम सर रोज डब्यात एक शेंगदाण्याचा लाडू जादा आणतात, आणि तो स्वतःलाच खावा लागला तर त्यांचा दिवस वाया जातो. सरांना उत्तर येणार नाही असा प्रश्न जो विचारील, त्याचा तो लाडू. मग सर फळ्याला पाठ टेकवून, नवरदेव हसतो तसं हसत म्हणतात, "हरलो गड्या." समोर मुलगा असो की मुलगी, गड्याच.

मला हे कधी पटलं नाही. माझ्या बापानं मेंढरं राखली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. उत्तरं यावीत म्हणून तर पदवी घेतली, मास्तर झालो. आणि हा माणूस पोरांपुढं रोज हरतो, तरी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाची पोरं त्याच्याच भोवती.

माझ्या वर्गातल्या सोनालीनं एकदा मला विचारलं, "सर, कोंबडी फांदीवर झोपती, मग पडत कशी न्हाई?"

मी म्हटलं, "सवय असते तिला."

"बरं," म्हणाली, आणि मगदूम सरांकडं जाऊन लाडू घेऊन आली. माझ्यासमोर बसून खाल्ला.

यंदा सांगलीत हुशार मुलांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेतून सोनालीची निवड झाली. सोबत एका शिक्षकानं जायचं. मुलांना प्रयोग, शिक्षकांना प्रशिक्षण. पोर माझ्या वर्गातली, म्हणजे हक्क माझा. पण मुख्याध्यापक बाईंनी तिलाच विचारलं, "सोबत कोण पाहिजे गं?"

"मगदूम सर."

दुपारी मी डबा घेऊन एकटाच कोपऱ्यात बसलो. मगदूम सर शेजारी येऊन बसले. "मी न्हाई जात. तुमीच जावा."

"आवं सर, सांगलीत तुमचं घर हाय. सुट्टीतबी जात न्हाई तुमी."

"घर हाय की." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तिथं प्रश्न विचारणारं कोण न्हाई आता."

मी जागा मिळाली याच आनंदात होतो.

शिबिरात एक विदुषी आम्हा शिक्षकांना दिवसभर समजावत होत्या, की हुशार मुलापुढं 'मला माहीत नाही' म्हणायला शिका. सगळे भराभरा लिहून घेत होते. मी पेन उघडलंच नाही. आमच्याकडं हेच लाडवासकट मिळतं.

शेवटच्या संध्याकाळी सोनालीला कृष्णेच्या घाटावर नेलं. ती बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली.

"काय बघतीस?"

"काय न्हाई सर."

मग मीच तिला नदीचा उगम, लांबी, उपनद्या, सगळं सांगितलं. ती हूं हूं करत राहिली. दुसऱ्या दिवशी परतीच्या एस.टी.त तिनं खिडकी धरली.

पाटणच्या स्टँडवर मगदूम सर डबा घेऊन उभे होते. सोनाली गाडीच्या दारातनंच म्हणाली, "सर, आपल्या कोयनेचं पाणी कृष्णेत मिळून सांगलीला जातंय. मग तिथं आपलं पाणी कंचं, ते कसं वळखायचं?"

सरांनी खांबाला पाठ टेकवली. या खेपेला हसले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. "हरलो गड्या," म्हणाले, "लयच हरलो."

डबा उघडला. तिन्ही दिवसांचे लाडू तिच्यासाठी तसेच राखलेले होते.

तो प्रश्न पोरीनं घाटावरनं जपून आणला होता. मी शेजारी असताना तिनं तो काढला नाही. मी उत्तर दिलं असतं.