कुंपण, कोंडवाडा आणि एकच मिशी

"राज्यघटना शिकवायला पुस्तक कशाला हवं? एक व्यंगचित्र द्या, एक ताजी बातमी द्या. चाळीस मिनिटांत पोरं घटना कोळून प्यायली नाहीत तर नाव बदलीन माझं!"

रविवारी जेवणाच्या टेबलावर नोरा बार्टलेटनं ही घोषणा केली, आणि ती ठसावी म्हणून हातातला चमचा असा काही हवेत फिरवला की त्यातला कुस्करलेला बटाटा उडून थेट सासऱ्यांच्या शर्टावर जाऊन बसला. सासऱ्यांनी, म्हणजे एल्डन बार्टलेट यांनी, तो बोटानं पुसून खाऊन टाकला.

"शाबास पोरी! मीठ जरा कमी आहे, पण विचार उत्तम!"

तीन वर्षांच्या मेबलनं लगेच आपलाही बटाटा आजोबांना नेम धरून मारला. पुढे काय होणार याची नांदी तिथंच झाली होती. पण नोराच्या ध्यानात आलं नाही.

ईस्ट हार्लो हे व्हरमाँटच्या डोंगरातलं गाव. शाळेच्या आठवीत सतरा मुलं. सोमवारी नोरानं मोठमोठ्या वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं वर्गात नेली. दोन मोठ्या पक्षांची चिन्हं असलेले हत्ती नि गाढवं, संसदेचे घुमट, दाढीवाले म्हातारे. मुलं त्यांच्याकडे अशी बघत बसली, जशी ती दातांच्या डॉक्टरकडे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतात.

"बाई, हा हत्ती कोण?" डेलियानं विचारलं. डेलिया म्हणजे वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी. "आणि तो रडतोय का?"

विनोद समजावून सांगता सांगता तास संपला. तोवर हत्तीच्या जोडीला नोराही रडकुंडीला आली होती!

बुधवारी गावाचं साप्ताहिक आलं. तिसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळींची बातमी: 'बार्टलेट यांची मेंढरं पुन्हा शाळेच्या मैदानात. तक्रारीनंतर कुंपण-निरीक्षकांनी पाहणी केली असता कुंपण उत्तम असल्याचं आढळलं. कोंडवाड्यात घातलेली मेंढरं कोंडवाडा-प्रमुखांनी त्याच संध्याकाळी समज देऊन सोडली.'

नोरानं बातमी दोनदा वाचली. मेंढरं कुणाची? एल्डन बार्टलेटांची. गावाचे कुंपण-निरीक्षक कोण? एल्डन बार्टलेट. कोंडवाडा-प्रमुख? तेच. आणि कुंपणाचा नियम ज्या ग्रामसभेत झाला, तिचे बावीस वर्षांपासूनचे सभापती? आता हेही सांगायला हवं का!

गावात कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. कुंपणं बघत चिखलातून हिंडायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हतीच मुळी. पण नोराच्या हाताला खाज सुटली. मेबलला झोपवून, तिच्याच मेणाच्या खडूंनी, तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर चित्र काढलं. उंच खुर्चीवर न्यायाधीश, त्याला एल्डनबाबांची झुपकेदार मिशी. आरोपीच्या पिंजऱ्यात मेंढपाळ, तीच मिशी. शिपाई, तीच मिशी. समोर बाकावर बारा मेंढ्या पंच म्हणून बसलेल्या, आणि बाराही जणींना तीच मिशी! खाली ओळ: 'तक्रार आली. मी तपासली. मला मी निर्दोष वाटलो.'

गुरुवारी वर्गात चित्र दाखवलं आणि सत्ताविभाजन चार मिनिटांत सगळ्यांच्या डोक्यात शिरलं! कायदा करणारा, राबवणारा आणि निवाडा देणारा एकच असला तर काय होतं, हे सतरा मुलं एका सुरात ओरडून सांगू लागली. शेजारच्या वर्गातून दोनदा 'हळू' असा निरोप आला.

आता खरं तर ते चित्र फाडून शेगडीत घालायचं. पण स्वतःच्या हातची मिशी इतकी झकास उतरली होती की नोराला फाडवेना. तिनं ते लाल फायलीत, तपासायच्या वह्यांखाली दडवलं.

दडवायला कारणही तसंच होतं. एल्डनबाबा मनाचे फार हळवे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पॅनकेकला नोरा चुकून 'जरा चिवट' म्हणाली, तर त्यांनी अकरा दिवस मुकाट्यानं ओटची लापशी खाल्ली होती. नोराचे स्वतःचे वडील ती लहान असतानाच गेले. बर्फावर गाडी कशी चालवायची, घसरली तर ब्रेक का दाबायचा नाही, हे तिला याच माणसानं शिकवलं. रोज सकाळी आठला मेबलला खांद्यावर घेऊन मेंढरं दाखवायला नेणाराही हाच. हा माणूस आपल्यावर रुसला तर?

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे ग्रामसभा. सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमतं, रस्त्यापासून वाचनालयापर्यंत सगळं हात वर करून ठरवतं. सकाळची कॉफी नि डोनट, दुपारचं जेवण, ही आठवीची जबाबदारी. ताटाखालच्या कागदांवर वर्गातल्या मुलाचं एक चित्र छापायचं ही जुनी रीत. यंदा डेलियाचं निवडलं होतं: दूध काढायचं तीन पायांचं स्टूल, प्रत्येक पाय म्हणजे सरकारचं एक अंग, आणि एक पाय काढल्यामुळे बादलीसकट कोलमडलेला गवळी. गाय हसतेय. कुणाचं मन दुखवायचा प्रश्नच नाही!

चित्र निळ्या फायलीत घालून नोरानं सोमवारी रात्री सासूबाईंकडे दिलं. सासूबाई विनी म्हणजे गावाच्या दप्तराच्या कारकून. ग्रामकचेरीतलं झेरॉक्स मशीन त्यांच्या ताब्यात.

"दोनशे प्रती, आई."

"काढते," सासूबाई म्हणाल्या. त्या यापेक्षा जास्त सहसा बोलत नाहीत.

मंगळवारी सकाळी मेबलनं बूट घालायला साफ नकार दिला. कॅलेब, नोराचा नवरा, पहाटेपासून पाकासाठी मेपलच्या झाडांचा रस उकळत डोंगरावर. डावा बूट घातला की उजवा उडायचा. मुलीला काखोटीला मारून नोरा पोचली तेव्हा व्यायामशाळा निम्मी भरली होती, आणि सगळी व्यायामशाळा हसत होती.

डेलिया धावत आली. "बाई! तुम्ही किती शूर आहात हो!"

"का गं?"

"तुमचंच चित्र छापलंत! माझ्यापेक्षा भारी आहे, मला राग नाही आला!"

नोरानं टेबलांकडे पाहिलं. दोनशे कागद. दोनशे न्यायाधीश. दोन हजार चारशे मेंढ्या! एवढ्या मिशा तिनं जन्मात एका ठिकाणी पाहिल्या नव्हत्या. मग तिला आठवलं: काल संध्याकाळी मेबल दोन्ही फायली मांडीवर घेऊन त्यांवर बदकं चिकटवत बसली होती. कार्टीनं अदलाबदल केली!

"डेलिया! पळा सगळे! प्रत्येक न्यायाधीशाच्या तोंडावर एकेक डोनट ठेवा!"

सतरा मुलं सुटली. डोनट ठेवले गेले. आणि घात झाला! प्रत्येक डोनटच्या भोकातून एकेक मिशी, चौकटीत बसवल्यासारखी, बरोब्बर बाहेर डोकावू लागली. ज्यांनी आधी पाहिलं नव्हतं तेही आता डोनट उचलून बघू लागले.

पर्डी नावाचे गृहस्थ कागद नाचवत आले. शाळेच्या मैदानालगत त्यांचा कोबीचा वाफा होता. होता म्हणजे, मेंढरं येईपर्यंत.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं! कोण आहे हा बहाद्दर? यंदा सभापती बदलायचाच!"

"अहो, हळू!" नोरा कळवळली. "ते फक्त शिकवण्यासाठी—"

"अगदी बरोबर! धडाच शिकवायचा!"

इतक्यात एल्डनबाबा आले. ठेवणीतला लाल स्वेटर, विंचरलेली मिशी, हातात लाकडी हातोडी. ते व्यासपीठावर चढले. तिथं कागद नव्हता. नोराचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सासूबाई उठल्या, नवऱ्यापुढे कॉफीचा कप ठेवला आणि त्याखाली एक कागद सरकवला.

"कॉफी सांडते तुमची," त्या म्हणाल्या.

एल्डनबाबांनी कागद पाहिला. चष्मा लावला. पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हातोडी आपटली.

"कलम पहिलं. सभापतींची निवड. नावं सुचवा."

"मी मेंढीचं नाव सुचवतो!" मागून कुणीतरी ओरडलं. "मिशी तर आहेच!"

"मेंढीचं नाव मतदारयादीत नाही," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "लिहून घेतलं."

हशा ओसरला तसे एल्डनबाबा हळूच म्हणाले, "हे कुणी काढलं?"

डेलिया उभी राहिली. "सभापती महाशय, आम्ही सांगणार नाही. चित्रकाराला भीती वाटली की चित्रं संपतात, असं आम्हाला शिकवलंय."

"कुणी शिकवलं?"

"तेही सांगणार नाही!" डेलिया ताठ मानेनं म्हणाली, आणि सतराच्या सतरा मुलांनी माना वळवून नोराकडे पाहिलं.

नोरा उठली. "बाबा, मी—"

ठक्! "सभेत एकमेकांशी बोलायचं नसतं. सभापतींशी बोला."

हा इथला पूर्वापार नियम. "सभापती महाशय, कृपया माझ्या सासऱ्यांना सांगा, की चित्र मी काढलं."

"सभापती त्यांना सांगतील," एल्डनबाबा म्हणाले. "ते विचारतायत, का?"

"त्यांना सांगा, मुलांना सत्ताविभाजन कळत नव्हतं. हत्ती-गाढवं दाखवली, नाही कळलं. ओळखीचा माणूस काढला आणि चटकन कळलं." नोरा एक पाऊल पुढे आली. "आणि सांगा, की गावात तेच एक असे आहेत, ज्यांचं चित्र काढलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मेबलला खांद्यावर घेतील, असं मला वाटलं होतं. माझं चुकलं असेल, तर... तर तसं त्यांना सांगा."

"आजोबा मेंढी!" मेबल आनंदानं किंचाळली. तिच्या हातातही एक कागद होता. एका पायात बूट नि एका पायात मोजा अशी ती थपथप करत व्यासपीठावर चढली आणि आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली.

"एक वक्ता परवानगीशिवाय व्यासपीठावर," सासूबाई पुटपुटल्या. "लिहून घेतलं."

एल्डनबाबांनी नातीच्या डोक्यावरून मुलांकडे पाहिलं. "डेलिया, सत्ताविभाजन म्हणजे काय गं?"

डेलियानं एका दमात सांगितलं. तिन्ही अंगं, त्यांची कामं, आणि तिघांनी एकमेकांना आवर कसा घालायचा, सगळं. उदाहरणासकट. मेंढरांसकट.

"मला हे आठवीत चार महिने शिकवलं होतं," एल्डनबाबा म्हणाले. "काही म्हणता काही कळलं नाही. आज कळलं." त्यांनी घसा खाकरला. "सभापती, सासऱ्यांच्या वतीनं कळवतात की चित्र बरोबर आहे. एका डोक्यावर तीन टोप्या शोभत नाहीत. हातोडी गावाला हवी तर ठेवीन. कुंपण नि कोंडवाडा आत्ताच सोडले. कोण घेतं?"

पावणेदोनशे माणसं एकाएकी डोनटच्या भोकाचा अभ्यास करू लागली.

"पर्डी?"

"माझा... माझा गुडघा!" पर्डी घाईनं म्हणाले. "मी तर म्हणतो, ज्यांना दोष दिसला, त्यांनाच द्या की!"

"अनुमोदन!" तीन दिशांनी आवाज आले.

"अनुकूल?"

"होय!" छत हादरलं.

"प्रतिकूल?"

"नाही!" नोरा ओरडली.

"होयची सरशी," एल्डनबाबा म्हणाले. ठक्! पाठोपाठ हातोडीही त्यांच्याकडेच राहिली, एकमतानं. नोरानं सगळ्यात आधी हात वर केला होता.

संध्याकाळी खुर्च्या आवरताना ती सासूबाईंना म्हणाली, "आई, मेबलच्या वतीनं मी माफी मागते. बदकं चिकटवता चिकटवता तिनं फायली बदलल्या."

सासूबाई कागद गोळा करत होत्या. "निळ्या फायलीत स्टूलच होतं. टेबलावरची लाल मीच उघडली."

"आई!"

"बावीस वर्षं त्या कुंपणाबद्दल घरात बोलतेय मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "घरात बोललेलं कुणी लिहून घेत नाही."

शुक्रवारी सकाळी मेंढरं शाळेच्या मैदानात! डेलियानं रीतसर लेखी तक्रार दिली. नव्या कुंपण-निरीक्षक चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतत पाहणीला गेल्या. एका जागी कुंपणाला एवढं भगदाड होतं की त्यातून गाय गेली असती, हसत हसत. शेजारी एल्डनबाबा उभे. त्यांच्या खांद्यावर मेबल, त्यांची मिशी लगामासारखी धरून बसलेली. आणि आठ वाजून गेलेले. पुढच्या सोमवारपासून नोराची रोज शाळा सुटल्यावर पालकांशी भेट होती, आणि मेबलला ठेवायला गावात दुसरं कुणीही नव्हतं.

"काय म्हणतं कुंपण, सूनबाई?" एल्डनबाबांनी निरागसपणे विचारलं.

नोरानं भगदाडाकडे पाहिलं. मेबलकडे पाहिलं. मग वही काढून लिहिलं: 'उत्तम.'

सोमवारी तिनं वर्गाला बातमीवरून व्यंगचित्र काढायला सांगितलं. सतरा कागद आले. सतराही कागदांवर एकच बाई, डोक्यावर चार टोप्या (बाई, सूनबाई, कुंपण, कोंडवाडा), ओठावर झुपकेदार मिशी, काखेत एका बुटाची मुलगी. खाली ओळ: 'तक्रार आली. मी तपासली. मला सासरे निर्दोष वाटले.'

नोरानं सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. दुसरं करणार काय? डेलियाचं चित्र एल्डनबाबांनी फ्रिजवर लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवतात, आणि म्हणतात, सूनबाईला आमच्या घराण्याची मिशी काय शोभून दिसते!